कार्डं रद्दीत गेली, कोश फ्लॉपीत राहिला

मागच्या ईदनंतर सरांची सून माझ्याकडे आली. हातात नानकटाईचा जुना पत्र्याचा डबा होता. म्हणाली, "आपा, अब्बांचं कपाट आवरताना हे मिळालं. घरात कुणाला कळत नाही. टाकून देऊ की तुम्ही बघता?" डब्यात नऊ फ्लॉप्या होत्या. काळ्या, साडेतीन इंची. चारांवर सरांच्या वळणदार अक्षरात उर्दूत आकडा होता, पाचांची चिकटलेली कागदाची पट्टी कोकणातल्या पावसाळ्यांनी कधीच सोडवून टाकली होती.

डबा उघडताच मला कळलं की हे काय आहे. आणि त्याच वेळी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी स्वतः उच्चारलेलं एक वाक्यही आठवलं. त्या वाक्याची लाज वाटते, म्हणून हा लेख.

सर आमच्या खाडीकाठच्या उर्दू शाळेत मराठी शिकवायचे. मुलं घरात कोकणी बोलणारी, शाळेत उर्दू वाचणारी आणि बाजारात, तलाठ्याकडे, एसटीत मराठी ऐकणारी. या मुलांना मराठीची भीती वाटू नये म्हणून सरांनी एक युक्ती काढली होती. नवा धडा सुरू करताना ते फळ्यावर आधी मुलांच्या ओळखीचे उर्दू शब्द लिहायचे आणि सांगायचे, हे बघा, हे तर तुमच्याच घरचे आहेत, फक्त मराठीत येऊन त्यांचा धंदा बदललाय.

'मिजास' घ्या. उर्दूत मिज़ाज म्हणजे स्वभाव, तब्येत; 'मिज़ाज कैसे हैं' हा आदराचा प्रश्न. मराठीत कुणाची मिजास विचारली तर भांडण होईल. 'राजीनामा' घ्या. उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राज़ी झाल्याचा कागद, समझोता. मराठीत तोच कागद खुर्ची सोडताना देतात. 'फाजील' घ्या. उर्दूत फ़ाज़िल हा विद्वान माणूस, आणि जास्तीचं म्हणूनही तो शब्द चालतो. मराठीने विद्वानाला बाहेर ठेवलं आणि फाजील आत्मविश्वास तेवढा आत घेतला. 'तारीख' मराठीत कॅलेंडरवरची, उर्दूत इतिहासही. 'दप्तर' मराठी मुलाच्या पाठीवर, उर्दूत बाबू लोकांचं ऑफिस. आणि 'तालीम'. उर्दूत शिक्षण, मराठीत आखाडा किंवा नाटकाचा सराव. सर म्हणायचे, दोन्ही अर्थ खरे आहेत, घाम गाळल्याशिवाय तालीम होत नाही.

असे शब्द सर पोस्टकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यांवर लिहून ठेवायचे. एका बाजूला मराठी अर्थ आणि मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला उर्दू. मी त्यांची विद्यार्थिनी झाले तेव्हा कार्डांच्या चार पेट्या होत्या, बी.एड. करून परत आले तेव्हा अकरा. सुमारे चार हजार नोंदी. १९९९ च्या उन्हाळ्यात सरांनी ठरवलं की याचा कोश छापायचा. तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडे विंडोज ९५ चा संगणक होता. मराठी बाजू त्याने श्रीलिपीत टाइप केली, उर्दू बाजू इनपेजमध्ये. प्रत्येक अक्षराच्या आरंभपानासाठी सरांच्या ओळखीच्या एका बुजुर्ग कातिबाने त्या अक्षराचं सुलेखन करून दिलं, ते स्कॅन करून उर्दूच्याच फोल्डरमध्ये ठेवलं. दोन महिने मी रोज दुपारी प्रुफं वाचायला जायचे.

छपाईचे पैसे जमले नाहीत. ते पुढे कधीच जमले नाहीत. डीटीपीवाल्याने सगळं काम नऊ फ्लॉप्यांवर उतरवून सरांच्या हातात दिलं. त्या पावसाळ्यात सरांच्या घरात पाणी गळायला लागलं आणि पेट्या हलवायला जागा नव्हती. तेव्हा मी म्हणाले, "सर, आता ही कार्डं कशाला? सगळं कॉम्प्युटरमध्ये आलंय की." सर जरा वेळ गप्प बसले. मग रद्दीवाल्याला बोलावलं. दोन पोती भरली.

माझं ते वाक्य चूक होतं. 'सगळं कॉम्प्युटरमध्ये आलंय' असं आपण म्हणतो तेव्हा ते कुठे आलंय, कोणत्या रूपात, आणि पुन्हा बाहेर कसं काढायचं, यातलं काहीच आपण विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आता त्या फ्लॉप्यांचं काय झालं ते नीट सांगते, कारण माझी खात्री आहे की असे डबे आणखी बऱ्याच घरांत आहेत.

साडेतीन इंची फ्लॉपीवर मावतात नेमके १४,७४,५६० बाइट. म्हणजे दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ तुकडे आणि एका तुकड्यात ५१२ बाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात बसत नाही. काम मोठं असलं की एका फ्लॉपीवर मावायचं नाही, म्हणून त्या काळी पीकेझिपसारखे प्रोग्राम सगळ्या फाइली दाबून एक लांबलचक गठ्ठा करायचे आणि तो गठ्ठा फ्लॉपीमागून फ्लॉपी कापत न्यायचे. 'पुढची डिस्क घाला' असं पडद्यावर आलं की पुढची घालायची. डीटीपीवाल्याने हेच केलं होतं. म्हणजे सरांच्या डब्यात नऊ फ्लॉप्या दिसत होत्या तरी वस्तू एकच होती, नऊ ठिकाणी कापलेली.

आमच्या शाळेच्या लॅबमधल्या संगणकांवर लिनक्स आहे आणि फ्लॉपीची खाच कुठल्याच संगणकाला नाही. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. तो येण्याआधी उत्साहाच्या भरात एका माजी विद्यार्थ्याने घरच्या विंडोज संगणकावर तीन फ्लॉप्या उघडून पाहिल्या. तिन्हींवर एकच फाइल, एकाच नावाची. त्याने ती एका फोल्डरमध्ये उतरवली. दुसरी फ्लॉपी घातली, तेव्हा संगणकाने विचारलं, आधीची बदलू का? तो हो म्हणाला. तिसरीलाही हो म्हणाला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "मॅडम, सगळ्यांत एकच फाइल आहे, बाकीच्या फ्लॉप्या डुप्लिकेट आहेत."

त्या नव्हत्या. पीकेझिपने कापलेल्या गठ्ठ्याचा हा स्वभावच आहे. प्रत्येक डिस्कवरच्या तुकड्याला तेच नाव असतं. क्रम फाइलच्या नावात नसतो, तो डिस्कच्या स्वतःच्या नावात, म्हणजे लेबलात असतो: पीकेबॅक, आणि पुढे एक, दोन, तीन. नुसती फाइल उतरवली की क्रम मागेच राहतो. पट्ट्या गळून पडलेल्या पाच फ्लॉप्यांचा क्रम आम्हाला या लेबलावरूनच कळला. नशीब इतकंच की पोराने फ्लॉपीवर काही लिहिलं नव्हतं.

म्हणून पहिला धडा: फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिटी सरकवून भोक उघडं करा. मग तिच्यावर काही लिहिलं जाऊ शकत नाही. आणि फाइल उतरवू नका, अख्ख्या फ्लॉपीची प्रतिमा घ्या, म्हणजे पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जशीच्या तशी नक्कल. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम हेच करतो. तो आधी जे सहज वाचलं जातं ते उचलतो, अडलेली जागा नोंदवून पुढे जातो आणि मग परत येऊन अडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कुठे किती वाचलं याची वही तो ठेवतो, त्यामुळे आज एका ड्राइव्हवर अर्धं आणि उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेलं, असंही करता येतं. जुन्या फ्लॉपीचं एक असतं, एका ड्राइव्हवर रुसलेली फ्लॉपी दुसऱ्यावर बोलते.

आठ फ्लॉप्या बोलल्या. सहावी बोलली नाही. तिची पत्र्याची झडप सरकवली तर आतल्या तबकडीवर पांढरट डाग होते. बुरशी. आमच्या हवेत चामड्याच्या चपलेला लागते तशीच. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून, कापसाने, तबकडी हळूहळू फिरवत कॉम्प्युटरच्या सरांनी ती पुसली. पुसण्याआधी २,८८० पैकी निम्मेही तुकडे येत नव्हते. पुसल्यावर आणि दोन ड्राइव्हवर चार दिवस प्रयत्न केल्यावर ३११ तुकडे उरले. ते शेवटपर्यंत आले नाहीत.

नऊ प्रतिमांतून नऊ तुकडे काढले. त्यांना लिनक्सच्या झिप प्रोग्रामला समजतील अशी नावं दिली, पहिल्या आठांना झेड शून्य एक, झेड शून्य दोन अशी शेपटी आणि शेवटच्याला साधी झिप. शेवटचा तुकडा महत्त्वाचा, कारण सगळ्या गठ्ठ्याची अनुक्रमणिका तिथे असते. म्हणूनच जुन्या दिवसांत असा गठ्ठा सोडवताना प्रोग्राम आधी शेवटची डिस्क मागायचा आणि लोक गोंधळायचे. सगळे तुकडे धड असते तर झिपला 'हे सांधून एक कर' इतकं सांगून काम झालं असतं. आमच्या गठ्ठ्यात भोक होतं, म्हणून दुरुस्तीचा मार्ग घ्यावा लागला. त्यात झिप अनुक्रमणिकेवर विसंबत नाही, आरंभापासून एकेका फाइलची खूण शोधत जातो आणि जे पूर्ण मिळेल ते नव्या गठ्ठ्यात ठेवतो.

इथे झिपच्या रचनेने आम्हाला वाचवलं. त्यात प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते. एक फाइल बिघडली तरी शेजारची निघते. पण बिघडलेल्या फाइलमध्ये जिथे भोक पडलं तिथून पुढचं काही कळत नाही, कारण दाबलेल्या मजकुराचा अर्थ मागच्या मजकुरावर अवलंबून असतो. गोष्ट सांगणारा मध्येच गप्प व्हावा तसं.

मराठीचं फोल्डर पहिल्या फ्लॉपीवर आणि दुसरीच्या आरंभी होतं. ते संपूर्ण आलं. उर्दूचं फोल्डर दुसरीपासून नववीपर्यंत पसरलं होतं. त्यातली 'त' आणि 'द' या अक्षरांची उर्दू फाइल गेली, 'न' ची अर्धी आली. कातिबसाहेबांनी काढलेलं 'त' चं सुलेखन त्याच फ्लॉपीवर होतं, ते मात्र स्वच्छ निघालं. अक्षर आलं, त्याखालचे शब्द गेले.

आम्हाला वाटलं, संपलं. तर दुसरं कुलूप पुढे होतं.

मराठीची फाइल वर्डची होती, लिनक्सवर लिब्रेऑफिसने ती उघडली आणि पानभर अर्थहीन रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसली. कारण त्या काळी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये 'क' असा क साठवलेलाच नसायचा. साठवलेला असायचा एखाद्या रोमन अक्षराचा नंबर, आणि फॉन्ट त्या नंबराच्या जागी क चं चित्र दाखवायचा. फॉन्ट नसेल तर मराठी नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण आपल्या छापखान्यांपर्यंत ती पोचायला पुढची बरीच वर्षं लागली. कन्व्हर्टर मिळाला, तरी ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, रफार भलतीकडे, असे घोळ हाताने निस्तरावे लागले.

उर्दूचं याहून अवघड. इनपेज १९९४ मध्ये आलं आणि त्याने उर्दू छपाईचं जग बदललं, हे मान्य करायलाच हवं. त्याआधी उर्दू वर्तमानपत्र म्हणजे कातिबाच्या हाताचं काम. मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये तयार केलेलं नूरी नस्तालीक इनपेजमधून छोट्या गावांतल्या टेबलांपर्यंत पोचलं. पण जुन्या इनपेजच्या फाइलीत अक्षरांना त्या कंपनीचे स्वतःचे नंबर असत. इंटरनेटवर कन्व्हर्टर मिळतात, आम्ही तसाच एक वापरला. शब्द आले, पण एकमेकांना चिकटून. नस्तालीकमध्ये काही अक्षरं पुढच्याशी जुळत नाहीत, तिथे डोळ्याला आपोआप जागा दिसते, म्हणून टाइप करणारे स्पेस देतच नसत. कागदावर ते सुंदर दिसायचं. संगणकाला मात्र ती एकच लांब ओळ वाटते. चार हजार नोंदींतल्या शब्दांत मी अजून स्पेस देत बसले आहे.

एवढं सगळं का सांगितलं? कारण यातून माझी काही मतं बनली आहेत आणि ती आपल्या लोकांपुढे मांडायची आहेत.

पहिलं मत. चूक सरांची नव्हती, डीटीपीवाल्याचीही नव्हती. त्याने त्याच्या काळातलं चांगलंच साधन वापरलं. उलट त्याने नकळत एक फार शहाणपणाची गोष्ट केली, झिप वापरलं. झिप बनवणारा फिल काट्झ २००० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी गेला. पण त्याने १९८९ मध्येच आपल्या गठ्ठ्याची रचना कशी असते हे लिहून जाहीर केलं होतं. कुणीही वाचावं, कुणीही आपला प्रोग्राम बनवावा. म्हणून आज त्याचा प्रोग्राम नसलेल्या, त्याने कधी न वापरलेल्या संगणकावर सरांचा गठ्ठा सुटला. याउलट उदाहरणं पाहा. डॉसमध्ये बॅकअप नावाची आज्ञा होती. ती प्रत्येक फ्लॉपीवर बॅकअप आणि कंट्रोल अशा दोन फाइली ठेवायची, शेपटीला ००१, ००२. १९९३ मध्ये डॉस ६ आलं आणि त्यात वेगळाच बॅकअप प्रोग्राम, वेगळ्याच रूपाचा. विंडोज एक्सपीपर्यंत बीकेएफ शेपटीच्या बॅकअप फाइली बनत होत्या. त्यानंतरच्या व्हिस्टामधून तो प्रोग्रामच काढून टाकला आणि जुन्या फाइली वाचायला वेगळं अवजार शोधून आणावं लागलं. म्हणजे दुसऱ्याच्या संगणकाचं सोडा, त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीलाही मागच्या पिढीचं कुलूप सहज उघडत नव्हतं. आपल्याकडे इल्म वाटण्याला सदक़ा-ए-जारिया मानतात, देणारा गेला तरी चालू राहणारं दान. काट्झ कोणत्या धर्माचा होता याच्याशी मला देणंघेणं नाही, त्याचं हे दान माझ्या सरांपर्यंत पोचलं एवढं मला माहीत आहे.

दुसरं मत. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही तो बॅकअप नसतो, तो विश्वास असतो. सरांनी नऊ फ्लॉप्या पंचवीस वर्षं जपल्या. दर पावसाळ्यात डबा वर ठेवला, खाली काढला. जपण्यात कसूर नव्हती. पण त्या उघडतात का, हे एकदाही कुणी पाहिलं नाही. दहा वर्षांपूर्वी पाहिलं असतं तर सहावी फ्लॉपी कदाचित वाचली असती, आणि मुख्य म्हणजे सर हयात होते. ते 'त' ची नोंद तोंडपाठ सांगू शकले असते.

तिसरं मत, आणि हे जरा कडू आहे. आपण मराठी मुसलमान सतत तक्रार करतो की मराठीच्या इतिहासात आमची नोंद घेतली जात नाही. तक्रार बरीचशी खरी आहे. पण नोंद घ्यायला काहीतरी शिल्लक ठेवायचं कामही कुणाचं तरी आहे. सतराव्या शतकातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आपल्यापर्यंत आला, कारण मधल्या पिढ्यांनी पोथ्या उतरवून घेतल्या. आता आपल्या गावोगावच्या अंजुमन, शाळा, जमाती, बंद पडलेली मासिकं यांच्याकडे काय आहे? १९९० नंतरचं बरंच काही फ्लॉप्यांवर, मग सीडींवर, मग कुणाच्या तरी बिघडलेल्या हार्डडिस्कवर. त्याआधीचं कागदावर आहे, म्हणून निदान दिसतं. मला भीती वाटते की आपल्या आजोबांच्या काळापेक्षा आपल्या तरुणपणाचाच काळ पुढच्यांना जास्त अंधारा दिसेल.

इथे दोन आक्षेप येतात. माझ्या नवऱ्यानेच घेतले.

पहिला असा, की मग कागदच बरा ना? माधवराव पटवर्धनांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ चा आहे. आमच्या शाळेच्या कपाटात त्याची एक जीर्ण प्रत आहे, तिला ना फॉन्ट लागतो ना ड्राइव्ह. कपाट उघडलं की कोश उघडतो. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण पटवर्धनांचा कोश छापला गेला, त्याच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या. सरांची कार्डं एकच प्रत होती. गळक्या घरात ती एकच प्रत कागदावर होती म्हणून टिकलीच असती असं नाही. टिकण्याचं रहस्य कागदात नाही, प्रतींच्या संख्येत आणि वाचता येण्याच्या सोपेपणात आहे. कार्डं ठेवायला हवी होती हे मात्र शंभर टक्के. नवी प्रत तयार झाली म्हणून जुनी फेकायची नसते. माझ्या चुकीचं मूळ तिथे आहे.

दुसरा आक्षेप असा, की आता सगळं क्लाउडवर असतं, हे प्रश्न जुने झाले. मला तसं वाटत नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी संगणक. त्याचा पासवर्ड एका माणसाच्या डोक्यात, त्याचं भाडं एका माणसाच्या कार्डावर. माणूस गेला की खातं बंद. सरांच्या सुनेला डबा तरी मिळाला. उद्या माझ्या सुनेला काय मिळेल?

मग करायचं काय? मी तज्ज्ञ नाही, शाळेत भाषा शिकवणारी बाई आहे. पण या कामातून जे शिकले ते असं. घरात, संस्थेत जुन्या फ्लॉप्या, सीडी असतील तर यंदाच बाहेर काढा. पावसाळा थांबत नाही. पट्टीवर लिहिलेलं आधी मोबाइलने टिपून ठेवा. फ्लॉपी लिहिण्यापासून बंद करा आणि अख्खी प्रतिमा घ्या. एकाच नावाच्या फाइली एकावर एक उतरवू नका. गठ्ठा कोणत्या प्रोग्रामचा आहे ते शेपटीवरून ओळखा: एआरजे आणि मग ए०१, ए०२ असेल तर लिनक्सवर त्याचाही प्रोग्राम मिळतो, बॅकअप आणि कंट्रोल अशा जोड्या असतील तर जुनं डॉस आभासी मशीनमध्ये चालवून त्याचीच रिस्टोर आज्ञा वापरता येते. एखादी डिस्क नाहीच वाचली तर बाकीच्या फेकू नका, नऊमधल्या आठ पुष्कळ काही देतात. आणि बाहेर आलेलं सगळं युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. सजावट वेगळी ठेवा. तीन घरांत तीन प्रती द्या, एक छापून काढा. दर दोन वर्षांनी, रमज़ानच्या आधी आपण कपाटं आवरतो तेव्हा, एक प्रत उघडून पाहा. हे काम कुणाचं, त्याचं नाव संस्थेच्या वहीत लिहा. ज्या कामाला नाव नसतं ते होत नाही.

शेवटी 'त' चं काय झालं ते सांगते. 'त' आणि 'द' ची मराठी बाजू आमच्याकडे आहे, उर्दू बाजू नाही. 'तालीम' समोर सरांनी लिहिलं आहे, कुस्तीचा आखाडा, नाटक-गाण्याचा सराव, रंगीत तालीम. उलट्या बाजूला त्यांनी काय वाक्य दिलं होतं ते मी प्रुफात नक्की वाचलं असणार, पण आठवत नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं.

तेव्हा मी नववीच्या वर्गाला कामाला लावलं. 'त' आणि 'द' च्या साऱ्या नोंदी मुलांत वाटल्या. प्रत्येकाने घरी जाऊन दादी-नानीला, मस्जिदीतल्या मौलवीसाहेबांना, दुकानातल्या चाचाला विचारून उर्दू अर्थ आणि एक वाक्य लिहून आणायचं. वहीत नाही, कार्डावर. पोस्टकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. मग ते संगणकावर टाइप करायचं. ही नोंद सरांची नाही हे प्रत्येकीखाली स्पष्ट लिहिलं आहे, कारण सरांच्या तोंडी आपले शब्द घालायचा हक्क आपल्याला नाही.

परवा 'दप्तर' चं कार्ड घेऊन आलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, टाइप झालं. आता कार्ड फेकून देऊ?"

मी तिला सरांची आणि रद्दीवाल्याची गोष्ट सांगितली. पेटी आता माझ्या टेबलाखाली आहे. गळत नाही अशा जागी.